विश्लेषण : मोबाइल अ‍ॅप शेताच्या बांधावर का अडखळते? कोडची रचना आणि चाचण्या का महत्त्वाच्या?

सातबाऱ्यावरील पिकाची नोंद, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, विजा कोसळण्याचा इशारा अशी अनेक कामे आता मोबाइल अ‍ॅपवर आली आहेत. मुंबई-पुण्याच्या कार्यालयात सुरळीत चालणारे अ‍ॅप खेडसारख्या डोंगराळ आणि अतिपावसाच्या तालुक्यात पोहोचले की कधी भरलेली माहिती हरवते, कधी बरोबर माहितीही नाकारते, तर कधी एकच नोंद दोनदा करते. दोष बहुतेक वेळा नेटवर्कला दिला जातो. मात्र नेटवर्क जाणार, फोन साधा असणार, मजकूर मराठीत असणार हे आधीच माहीत असते. त्याची तरतूद अ‍ॅपच्या कोडमध्ये होते की नाही, हे कोडची रचना आणि त्यावर घेतलेल्या चाचण्या यांवर ठरते. अ‍ॅप बनवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती मात्र हे दोन विषय सर्वांत शेवटी येतात. ही रचना म्हणजे काय, चाचण्या कशा घेतात आणि ते शिकायचे कसे, याविषयी…

खेडचे उदाहरण कशासाठी?

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी प्रकल्प राज्यभर सुरू केला. त्याआधी गाव नमुना बारामधील पिकांच्या नोंदी तलाठी करत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे, क्षेत्र भरायचे आणि नोंद पाठवायची, अशी पद्धत आहे. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानण्याची, १० टक्के नोंदी तलाठ्याने पडताळण्याची आणि नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला ती दुरुस्त करता येण्याची सोय झाली. या नोंदीचा संबंध पीक विमा, पीक कर्ज, नैसर्गिक आपत्तीनंतरची मदत आणि हमीभावाने होणारी खरेदी यांच्याशी आहे. त्यामुळे नोंद झाली नाही, तर नुकसान कागदापुरते राहत नाही. सर्व्हर संथ असल्याच्या, नेटवर्क नसल्याच्या तक्रारी वेगवेगळ्या हंगामांत अनेक भागांतून आल्या आणि मुदतवाढही द्यावी लागली.

खेड तालुक्यात ही कसोटी अधिक कठीण होते. खरिपाची नोंद करायची ती ऐन पावसाळ्यात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महामार्ग आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात मोबाइल चालतो, पण सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो. जुलै २०२१ च्या महापुरात जगबुडीचे पाणी खेड शहरात आणि वाशिष्ठीचे चिपळुणात शिरले, तेव्हा संपर्क यंत्रणेचे काय होते हेही दिसले. त्यात शेतजमिनीचे तुकडे काही गुंठ्यांचे, सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची लांबलचक यादी आणि त्यांतील अनेक जण नोकरीनिमित्त मुंबईत. पुढील विवेचन कोणत्याही एका सरकारी अ‍ॅपच्या कोडविषयी नाही. खेडमधील भातशेतीच्या बांधावर चालेल असे पीकनोंदीचे अ‍ॅप एखाद्या विद्यार्थ्याने बनवायला घेतले, तर त्याला काय शिकावे लागेल, याविषयी ते आहे.

कोडची रचना म्हणजे नेमके काय?

अ‍ॅपमध्ये साधारण तीन प्रकारची कामे असतात. पहिले, पडद्यावर बटणे, रकाने आणि संदेश दाखवणे. दुसरे, नियम लावणे. उदाहरणार्थ, पिकांखालील क्षेत्र गटाच्या एकूण क्षेत्राहून अधिक नसावे, ४८ तासांनंतर दुरुस्ती करता येऊ नये. तिसरे, माहिती साठवणे आणि आणणे. ती फोनमध्ये साठवायची की सर्व्हरवर पाठवायची, हा प्रश्न त्यात आला. ही तीन कामे कोडमध्ये कुठे राहतील, कोणाला कोणाची माहिती असेल आणि एकात बदल केल्यावर दुसऱ्याला धक्का लागेल की नाही, हे ठरवणे म्हणजे रचना.

ही कल्पना मोबाइलहून जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच असे मांडले की, प्रोग्रामचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते एकेका भागात झाकून ठेवावेत. १९७९ च्या सुमारास ट्रिग्वे रीनस्काउग यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात माहिती, पडदा आणि वापरकर्त्याची कृती वेगळी ठेवणारी ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही मांडणी केली. मोबाइलच्या बाबतीत सुरुवातीला याकडे दुर्लक्ष झाले. अँड्रॉइडवर बहुतेक कोड ‘अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये आणि आयफोनवर ‘व्ह्यू कंट्रोलर’मध्ये कोंबला जाई. त्यामुळे एकेक फाइल हजारो ओळींची होई. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ‘आर्किटेक्चर कंपोनंट्स’ आणि रचनेबाबतची मार्गदर्शिका जाहीर केली. त्यानंतर पडदा, नियम आणि माहिती असे स्तर करण्याची पद्धत रूढ झाली.

सगळे एकाच फाइलमध्ये लिहिले तर काय बिघडते?

शिकाऊ विद्यार्थ्याचे पहिले अ‍ॅप बहुधा असेच असते. ‘जतन करा’ हे बटण दाबले की त्याच ठिकाणी रकान्यातील आकडा वाचला जातो, तपासला जातो आणि तिथूनच सर्व्हरला पाठवला जातो. वर्गात प्रात्यक्षिक दाखवताना ते चालते. शेतात मात्र तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण कॅमेऱ्याची. पिकाचे छायाचित्र काढण्यासाठी कॅमेरा उघडला की कमी मेमरीच्या फोनमध्ये अँड्रॉइड मागचे अ‍ॅप बंद करू शकते. छायाचित्र काढून परत यावे तर गट क्रमांक, पीक, क्षेत्र असे भरलेले सगळे गायब. फोन आडवा-उभा केल्यावरही पडदा नव्याने बनतो. ‘व्ह्यूमॉडेल’ वापरल्यास आडव्या-उभ्याचा प्रश्न सुटतो, पण अ‍ॅपच बंद झाले तर ‘व्ह्यूमॉडेल’मधील माहितीही जाते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे अर्धवट भरलेला अर्ज प्रत्येक टप्प्यावर फोनमधील साठ्यात ठेवणे. पडदा आणि साठा वेगळे असतील, तर ही सोय सहज होते. एकमेकांत गुंतलेले असतील, तर प्रत्येक पडद्यावर वेगळी डागडुजी करावी लागते.

दुसरी अडचण बदलत्या नियमांची. एका हंगामात एकच पीक नोंदवायचे, पुढच्या हंगामात एक मुख्य आणि तीन दुय्यम पिके, असा बदल झाला आणि नियम पाच पडद्यांवर विखुरलेला असेल, तर चार ठिकाणी दुरुस्ती होते आणि पाचवे राहून जाते.

तिसरी अडचण अशी की, असे अ‍ॅप तपासायचे तर माणसाने ते हातात धरून प्रत्येक बटण दाबूनच पाहावे लागते. ४८ तासांचा नियम तपासायला दोन दिवस थांबायचे का आणि शेतापासूनचे अंतर तपासायला प्रत्येक वेळी खेडला जायचे का, हे प्रश्न मग गंमतीचे राहत नाहीत. बहुतेक वेळा ते तपासलेच जात नाही.

स्तर वेगळे केल्याने काय साधते?

चांगल्या रचनेत पडद्याला नियम माहीत नसतात. तो फक्त ‘काय दाखवायचे’ एवढे विचारतो. नियमांना पडदा माहीत नसतो, नेटवर्क माहीत नसते, फोन कोणत्या कंपनीचा आहे हेही माहीत नसते. माहिती सांभाळणारा भाग ‘रिपॉझिटरी’ या नावाने ओळखला जातो. नोंद फोनमधून आली की सर्व्हरवरून, याची उठाठेव तो करतो. बाकीच्यांना फक्त नोंद मिळते.

यातील कळीची गोष्ट अशी की, नियमांचा कोड बाहेरच्या जगाकडे थेट हात पसरत नाही. घड्याळ, जीपीएस, नेटवर्क या तिन्ही गोष्टी त्याला बाहेरून हातात दिल्या जातात. ‘आता किती वाजले’ हे नियम स्वतः फोनला विचारत नाही, तर त्याला दिलेल्या घड्याळाला विचारतो. खऱ्या वापरात हे घड्याळ फोनचे असते. चाचणीत ते बनावट असते आणि हवी ती वेळ दाखवते. त्यामुळे दोन दिवसांची प्रतीक्षा काही मिलिसेकंदांत संपते. जीपीएसच्या जागी ठरावीक अक्षांश-रेखांश देणारा बनावट स्रोत ठेवला, की शेतात उभा असलेला, बांधापलीकडे उभा असलेला आणि जीपीएस भरकटलेला असे तिन्ही शेतकरी टेबलावर बसून तपासता येतात. रचना आणि चाचणी हे दोन वेगळे विषय वाटत असले, तरी ते असे एकमेकांत अडकलेले आहेत. रचना नीट नसेल तर चाचणी लिहिता येत नाही आणि चाचणी लिहायला घेतली की रचनेतील दोष लगेच दिसतो.

नेटवर्कच नसेल तर?

नेटवर्क असणे ही सवलत समजायची आणि नसणे हा नेहमीचा प्रसंग धरायचा, ही रचनेची दिशा आहे. नोंद आधी फोनमधील साठ्यात पक्की करायची, शेतकऱ्याला ‘नोंद जतन झाली, पाठवायची बाकी आहे’ असे स्पष्ट सांगायचे आणि नेटवर्क मिळाल्यावर ती आपोआप पाठवायची. अँड्रॉइडवर यासाठी ‘वर्कमॅनेजर’ ही सोय आहे. फोन बंद करून सुरू केला तरी राहिलेले काम ती विसरत नाही. कोकण रेल्वेचे प्रवासी वापरतात ते ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे अ‍ॅप याच विचाराचे परिचित उदाहरण. वेळापत्रक फोनमध्येच असल्याने आणि मोबाइल मनोऱ्यांच्या आधारे ठिकाण ओळखत असल्याने ते इंटरनेट व जीपीएसविनाही गाडी कुठे आहे ते सांगू शकते. बेंगळूरुच्या सिग्मॉइड लॅब्जने बनवलेले हे अ‍ॅप २०१८ मध्ये गूगलने घेतले.

नेटवर्क पूर्ण नसण्यापेक्षा ते मध्येच तुटणे अधिक घातक असते. समजा, नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचली, तिथे जतनही झाली, पण ‘पोहोचली’ हा निरोप परत येण्याआधी रेंज गेली. अ‍ॅपच्या दृष्टीने नोंद गेलेली नाही, म्हणून ते पुन्हा पाठवते. सर्व्हरवर एकाच भातपिकाच्या दोन नोंदी होतात आणि क्षेत्र दुप्पट दिसते. यावरचा उपाय साधा आहे. नोंद तयार होतानाच फोनने तिला एक अद्वितीय क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच मान्य करायची. हे बरोबर चालते का, हे पाहण्यासाठी ‘जतन करतो पण उत्तर देत नाही’ असा बनावट सर्व्हर चाचणीत उभा करता येतो. हाच प्रसंग प्रत्यक्ष शेतात ठरवून घडवून आणणे जवळजवळ अशक्य आहे.

चाचणी कशी असते? एखादे उदाहरण?

चाचणी म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड. परिस्थिती मांडायची, एक कृती करायची आणि अपेक्षित उत्तर आले का ते पाहायचे, असे तिचे तीन भाग. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावासाठी ‘जेयुनिट’ हे साधन तयार केले. आजही अँड्रॉइडच्या चाचण्या त्याच कुळातील साधनांवर चालतात.

क्षेत्राचा नियम घेऊ. खेडमधील एका गटाचे क्षेत्र ०.३० हेक्टर, म्हणजे ३० आर आहे. शेतकरी ०.१० हेक्टरवर नाचणी आणि ०.२० हेक्टरवर भात नोंदवतो. बेरीज बरोबर ०.३०. विद्यार्थ्याने दशांश संख्यांची सरळ बेरीज करून ‘बेरीज गटाच्या क्षेत्राहून मोठी असेल तर नाकारा’ असा नियम लिहिला असेल, तर अ‍ॅप ही नोंद नाकारते. कारण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्यात ०.१ व ०.२ नेमके बसत नाहीत. त्यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. संगणकाच्या लेखी ती ०.३ पेक्षा मोठी आहे. शेतकरी बरोबर, सातबारा बरोबर, तरी पडद्यावर संदेश येतो ‘क्षेत्र जास्त आहे’. काही गुंठ्यांचे तुकडे असलेल्या कोकणात, क्षेत्र तंतोतंत जुळण्याचा प्रसंग अपवादाचा नाही.

उपाय असा की, क्षेत्र हेक्टरच्या दशांशात न ठेवता चौरस मीटरच्या पूर्णांकात ठेवायचे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्येच असते. १००० अधिक २००० म्हणजे ३०००. इथे वाद उरत नाही. ‘क्षेत्र तंतोतंत जुळल्यास नोंद स्वीकारावी’ ही एक चाचणी लिहिली असती, तर ही चूक शेतकऱ्याआधी विद्यार्थ्याला सापडली असती. म्हणूनच चाचण्या लिहिताना मधल्या, सोयीच्या आकड्यांपेक्षा सीमारेषेवरचे आकडे महत्त्वाचे मानले जातात. शून्य क्षेत्र, तंतोतंत क्षेत्र, एक चौरस मीटर जास्त, ४७ तास ५९ मिनिटे, ४८ तास, ४८ तास १ मिनिट, असे ते असतात.

चाचणी लिहिताना आणखी एक गोष्ट घडते. नियमातीलच संदिग्धता उघड होते. ४८ तास मोजायचे कधीपासून? शेतात नोंद केल्यापासून, की ती सर्व्हरवर पोहोचल्यापासून? वाडीवर तीन दिवस नेटवर्क नसेल आणि मोजणी शेतातील नोंदीपासून असेल, तर नोंद पोहोचेपर्यंत सर्व्हरच्या लेखी दुरुस्तीची मुदत संपलेली असेल. फोनचे घड्याळच चुकीचे असेल तर कोणाची वेळ धरायची? याचे उत्तर प्रोग्रामरने मनाने ठरवण्याचे नाही. ते विभागाला विचारायला हवे. चाचणी लिहिणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. न लिहिणाऱ्याला तो तक्रारींमधून कळतो.

मराठीमुळे कोणत्या वेगळ्या चुका होतात?

परदेशी उदाहरणांवरून शिकणाऱ्याच्या लक्षात न येणारा हा भाग आहे. जावा आणि कोटलिन या भाषांत पूर्णांक वाचणारी सोय ‘१२’ हा देवनागरी आकडा ओळखते, पण दशांश संख्या वाचणारी सोय ‘१२.५’ ओळखत नाही आणि अ‍ॅप बंद पडू शकते. म्हणजे मराठी कळफलक वापरणाऱ्या शेतकऱ्याने पूर्ण आकडा टाकला तर चालते, अपूर्णांक टाकला तर कोसळते.

उलट दिशेची चूक आणखी छुपी आहे. फोनची भाषा मराठी असेल, तर तारीख किंवा संख्या मजकुरात बदलताना अँड्रॉइड ती देवनागरी अंकांत लिहू शकते. पडद्यावर ते छान दिसते. मात्र तीच तारीख सर्व्हरला गेली, तर इंग्रजी अंकांची वाट पाहणारा सर्व्हर ती नाकारतो. विकसकाचा फोन इंग्रजीत असल्याने त्याला ही चूक कधीच दिसत नाही. दाखवायचा मजकूर आणि पाठवायचा मजकूर वेगळा ठेवणे हा इथे रचनेचा धडा आहे. फोनची भाषा मराठी करून त्याच चाचण्या पुन्हा चालवणे हा चाचणीचा.

तिसरी चूक अक्षरांची. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एक सलग अक्षर म्हणून आणि दुसरे ‘र’ला खाली नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. सातबाऱ्यावरील सामाईक खातेदारांच्या यादीत ‘ऱ’ असलेले नाव शोधावे आणि ते समोर असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर यावे, याचे कारण हे असू शकते. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणणे हा उपाय. हे काम माहितीच्या स्तरात एकाच जागी केले, की प्रत्येक पडद्यावर त्याची आठवण ठेवावी लागत नाही.

किती आणि कोणत्या चाचण्या पुरेशा?

माइक कोन यांनी २००९ मध्ये मांडलेला ‘चाचण्यांचा पिरॅमिड’ आजही आधाराला घेतला जातो. तळाशी नियमांच्या छोट्या आणि वेगवान चाचण्या भरपूर. मध्ये साठा, सर्व्हर आणि नियम एकत्र नीट काम करतात का, हे पाहणाऱ्या थोड्या कमी. टोकाला प्रत्यक्ष पडद्यावर बटणे दाबून पाहणाऱ्या मोजक्या चाचण्या. टोकाच्या चाचण्या संथ असतात आणि कधी कोडमध्ये चूक नसतानाही नापास होतात. म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकला की टीम हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागते.

मधल्या थरातील एक चाचणी मोबाइलसाठी अत्यावश्यक आहे, ती म्हणजे आवृत्ती बदलण्याची. शेतकऱ्याच्या फोनमध्ये न पाठवलेल्या चार नोंदी आहेत आणि त्याच वेळी अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. नव्या आवृत्तीत साठ्याची मांडणी बदलली असेल आणि जुनी माहिती नव्या मांडणीत नेण्याचा मार्ग लिहिलेला नसेल, तर अ‍ॅप उघडताच बंद पडते. त्यातून सुटण्यासाठी काही जण ‘जुना साठा पुसून नवा बनवा’ हा सोपा पर्याय निवडतात. तो निवडला की त्या चार नोंदी कायमच्या जातात. वेबसाइटवरील चूक सर्व्हरवर एकदा दुरुस्त केली की सर्वांसाठी दुरुस्त होते. फोनमध्ये गेलेली चुकीची आवृत्ती मात्र परत बोलावता येत नाही. प्रत्येकाने नवी आवृत्ती घेईपर्यंत ती तिथेच राहते.

शिकायचे कसे?

पदविका आणि पदवीच्या संगणक अभ्यासक्रमांत मोबाइल अ‍ॅप हा विषय आता रुळला आहे. खेड तालुक्यातच लवेल येथे घरडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे अ‍ॅप बनवायला शिकण्यासाठी तालुका सोडलाच पाहिजे असे नाही. अडचण आहे ती क्रमाची. बहुतेक व्हिडीओ आणि पुस्तके पडद्यापासून सुरुवात करतात, कारण निकाल लगेच दिसतो. रचना आणि चाचण्या शेवटच्या प्रकरणात येतात आणि तोवर प्रकल्प सादर करण्याची तारीख आलेली असते.

उलट क्रम अधिक फायद्याचा ठरतो. आपणच बनवलेले एखादे छोटे, चालणारे अ‍ॅप घ्यावे. त्यातील एकच नियम शोधावा. क्षेत्राची बेरीज किंवा मुदतीची मोजणी यांपैकी कोणताही चालेल. तो पडद्याच्या फाइलमधून बाहेर काढून स्वतंत्र करावा आणि त्यावर पाच-सहा चाचण्या लिहाव्यात. नियम बाहेर निघत नसेल, तर तो कशात गुंतला आहे, हे तिथेच कळते. मग घड्याळ आणि जीपीएस बाहेरून देण्याची सवय लावावी. त्यानंतर साठा वेगळा करावा. नेटवर्कचा भाग सर्वांत शेवटी हाताळावा. प्रत्येक पायरीनंतर सर्व चाचण्या पुन्हा चालवाव्यात. कोटलिन, स्विफ्ट किंवा फ्लटर यांपैकी साधन कोणतेही असो, क्रम हाच राहतो.

दुसऱ्यांचा कोड वाचणेही तितकेच उपयोगी. गूगलने ‘नाऊ इन अँड्रॉइड’ हे पूर्ण अ‍ॅप कोडसह खुले ठेवले आहे. त्यातील स्तर आणि चाचण्या दोन्ही पाहता येतात. भारतातील उदाहरण हवे असेल, तर ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड केंद्र सरकारने मे २०२० मध्ये खुला केला होता. नवा कोड लिहिण्यापेक्षा आधीचा कोड न मोडता बदलणे हेच नोकरीतील बहुतांश काम असते. मायकेल फेदर्स यांनी तर ज्याला चाचण्या नाहीत तो कोड जुनाट, मग तो कालच लिहिलेला का असेना, अशी व्याख्या २००४ मधील पुस्तकात केली आहे.

याचा अतिरेक होऊ शकतो का?

होतो. दोन पडद्यांच्या अ‍ॅपला सात स्तर आणि चाळीस फाइल करणे हीदेखील चुकीचीच रचना आहे. प्रत्येक स्तराने काहीतरी झाकले पाहिजे. नुसता निरोप पुढे ढकलणारा स्तर काढून टाकलेला बरा. गूगलच्या मार्गदर्शिकेतही नियमांचा मधला स्तर ऐच्छिक मानला आहे. तसेच ‘कोडच्या शंभर टक्के ओळी चाचणीखाली’ हा आकडा फसवा असू शकतो. चाचणीने ओळ चालवली, पण उत्तर तपासलेच नाही, तरी तो आकडा वाढतो. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांचे म्हणणे होते की, चाचणीने चुका आहेत हे दाखवता येते, त्या नाहीत हे सिद्ध करता येत नाही.

आणि जी परिस्थिती कोणाला सुचलीच नाही, तिची चाचणी कोणीच लिहीत नाही. ओल्या बोटांनी पडदा दबत नाही, छत्री धरून एका हाताने छायाचित्र काढावे लागते, सातबाऱ्यावरील खातेदार मुंबईत आहे आणि शेतात त्याचा भाऊ उभा आहे, अशा गोष्टी टेबलावर कळत नाहीत. त्यासाठी ऑगस्टमधील पावसात बांधावर जावेच लागते. फरक एवढाच की, चाचण्या असलेल्या अ‍ॅपच्या बाबतीत तिथे दिसलेली प्रत्येक अडचण परत आल्यावर एका नव्या चाचणीत लिहून ठेवता येते आणि तीच चूक पुढच्या हंगामात पुन्हा होत नाही. चाचण्या नसलेल्या अ‍ॅपचा विकसक मात्र दर खरिपात त्याच तक्रारी नव्याने ऐकत राहतो.